तीन सर्व्हरना शेअर्ड स्टोरेज हवेच का?

क्लस्टर म्हटला की शेअर्ड स्टोरेज आलेच, असे आज सर्रास सांगितले जाते. छोटे रुग्णालय असो की पतसंस्था, सल्ला ठरलेला: सगळ्या व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क एका सामायिक जागी ठेवा, म्हणजे एक सर्व्हर पडला तरी मशीन दुसऱ्यावर उठेल आणि चालू मशीन न थांबवता हलवता येईल. यात तथ्य आहे. पण दोन-तीन सर्व्हरच्या संस्थेला ते हवेच, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

आधी मशीन हलवण्याचे पाहू. 2003 साली व्हीएमवेअरचे व्हीमोशन आले तेव्हा शेअर्ड स्टोरेज लागायचे. 2012 च्या व्हीस्फिअर 5.1 पासून ती अट उरली नाही. प्रॉक्समॉक्सही स्थानिक डिस्कसकट चालू मशीन हलवते; वेळ जास्त लागतो, इतकेच.

आता सुरक्षिततेचे. बजेट तुटपुंजे असले की शेअर्ड स्टोरेज म्हणजे प्रत्यक्षात एनएफएस देणारा एकच एनएएस. पूर्वी एक सर्व्हर गेला तर त्याच्यावरच्याच मशीन बंद पडत. आता तो एनएएस किंवा त्याचा स्विच गेला की सगळ्याच. हा एकखांबी तंबू झाला. दोन कंट्रोलरचे सॅन हा धोका बराच कमी करते, पण त्याचा खर्च अशा संस्थांना सहसा झेपत नाही.

‘मग सेफ (Ceph) घ्या’, म्हणजे सर्व्हरच्याच डिस्क एकत्र करून विदाच्या प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणारे स्टोरेज घ्या, असे उत्तर येते. सेफ भक्कम आहे, याबद्दल वाद नाही. पण तीन सर्व्हरवर हिशेब मांडून बघा. प्रत्येकी 4 टीबी म्हणजे 12 टीबी. तीन प्रती ठेवल्या की हाती 4 टीबी, आणि 85 टक्के भरले की इशारा सुरू. एक सर्व्हर पडला तर तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही. त्यात उरलेल्यांपैकी एकाची डिस्क गेली, तर किमान दोन प्रतींच्या नियमामुळे तेवढ्या भागाचे वाचन-लेखन दुसरी प्रत तयार होईपर्यंत थांबते. विदा वाचतो, काम थांबते. शिवाय 10 गिगाबिटचे नेटवर्क, वीज गेली तरी लेखन न गमावणाऱ्या एसएसडी आणि हे सगळे जाणणारा माणूस लागतो तो वेगळाच.

माझे म्हणणे असे: आधी दोन आकडे ठरवा. किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तर चालतील, आणि किती वेळ बंद राहिले तर चालेल? ओपीडीच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी केसपेपरवरून पुन्हा भरता येत असतील, तर प्रत्येक सर्व्हरवर झेडएफएस आणि त्याची दुसऱ्या सर्व्हरवर प्रतिकृती पुरते. प्रॉक्समॉक्समध्ये ती मुळात दर 15 मिनिटांनी होते, मिनिटावरही आणता येते. पतसंस्थेची एकही नोंद गमावून चालत नसेल, तर पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या डेटाबेसची सिंक्रोनस रेप्लिकेशन वापरा. ती जबाबदारी डेटाबेसच नेमकी पेलतो. सर्व्हर दोनच असतील तर बहुमतासाठी तिसरे मत देणारे छोटे यंत्र ठेवा.

पाच-सहा सर्व्हर झाले, लक्ष ठेवणारी माणसे मिळाली, की सेफ जरूर घ्या. तिथे पडलेल्या सर्व्हरची प्रत उभी करायला जागा असते. मात्र चुकून पुसलेली फाइल सेफच्या तिन्ही प्रतींतून तत्काळ जाते आणि प्रतिकृतीतूनही पुढच्या फेरीत. म्हणून स्टोरेजवरचा पहिला रुपया वेगळ्या जागी ठेवलेल्या आणि प्रत्यक्ष रिस्टोअर करून पाहिलेल्या बॅकअपवरच खर्च व्हायला हवा.