दुसरी आजी कोणती?

मैत्रिणींनो, परवाचीच गोष्ट. दुपारी डाळ निवडत बसले होते. फोन वाजला. धाकट्याने उचलला आणि तिथूनच ओरडला, "आई, दुसऱ्या आजीचा फोन गं!"

दुसरी आजी म्हणजे माझी आई. सासूबाई आमच्याजवळ राहतात, म्हणून त्या नुसत्या 'आजी'. आई मिरजेला, म्हणून ती 'दुसरी'. आईने ते ऐकलं असणारच. पण ती काही बोलली नाही. लोणचं पोचलं का, एवढंच विचारून तिने फोन ठेवला. मला मात्र दिवसभर चुटपुट लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत चौथीच्या मुलांना विचारलं, "तुम्ही आजीला काय हाक मारता?" फळा भरला की हो! माई, अक्का, जिजी, मोठी आई. गोव्याच्या ख्रिस्ती घरातली एक मुलगी म्हणाली, 'शामाय'. एकाची आजी तर चक्क 'काकू'! एकत्र कुटुंबात पुतणे काकू म्हणायचे, ते ऐकून तिची स्वतःची मुलंही काकूच म्हणू लागली आणि पुढे नातवंडंही. अशी एखादी 'काकू' नाहीतर 'वहिनी' तुमच्याही नात्यात असेलच.

हिंदी बोलणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे बाबांची आई दादी आणि आईची आई नानी. बाई, तुमच्यात कसं ओळखायचं?" खरंच की! आपल्याकडे आजी-आजोबा दोन्हीकडचे सारखेच. भाषेने इथे डावं-उजवं केलेलं नाही. उलट 'आजोळ' हा खास शब्द तिने आईच्या माहेरालाच दिला. मग 'दुसरी' म्हणायला मुलांना शिकवलं कुणी? आपणच. "आजीला विचार" म्हणजे घरातल्या, हे आपणच ठरवून टाकतो. काही घरांत गावाचं नाव लावतात, 'चिपळूणची आजी' वगैरे. ते बरं, पण घर विकून ती मुलाकडे राहायला आली, की त्या हाकेत सुटलेलं गाव तेवढं उरतं.

रात्री मी आईलाच फोन करून विचारलं, "तुला काय म्हटलेलं आवडेल गं?" ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "माहेरी मला सगळे ताई म्हणायचे. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही."

तेव्हापासून ती आमची 'ताईआजी'. धाकट्याची जीभ अजून चुकते, पण चुकली की तो स्वतःच सुधारतो.

बारशाआधी बाळाच्या नावाचा आपण महिनाभर खल करतो. नव्याने आजी झालेल्या बाईला मात्र तिची हाक कुणी विचारत नाही. तुम्ही जरूर विचारा. आणि दोघींनाही विचारा बरं का! कारण आमचं हे सगळं बोलणं ऐकून सासूबाई गवार मोडता मोडता हळूच म्हणाल्या, "मला कुठं कुणी विचारलं?"