सल्ला कोणाच्या अखत्यारीत?

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा, अंमल १९९५पासून. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यात जिल्हा न्यायाधीशांकडे आहे. खटल्यापुरते ते योग्यच. परंतु रायपूरच्या तात्यापाऱ्यातील विधवेला निवृत्तिवेतनासाठी, विदर्भातून आलेल्या कुटुंबाला जातीच्या दाखल्यासाठी हवा असतो तो न्यायालयाच्या पायरीआधीचा सल्ला. प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक तो देऊ शकतात. मात्र त्यांचे उत्तरदायित्व वॉर्डाकडे नाही.

१९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ३ लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या. रायपूर महापालिकेची लोकसंख्या २०११मध्येच १० लाखांवर होती. स्वयंसेवकांच्या कामाचा तिमाही आढावा या समितीपुढे का येऊ नये? नेमणुका मात्र नगरसेवकांकडे नकोत. तेथे सल्ल्याची शिफारस व्हायला वेळ लागत नाही.