कचेरीतला आकडा

युद्धाविषयी आपण वाचतो ते बहुधा सेनापती, तह आणि हुतात्मे यांच्यासंबंधी. जिल्हा कचेरीतल्या कारकुनाविषयी सहसा कोणी लिहीत नाही. श्रीलंकेच्या मुल्लैतीवू जिल्ह्याची हकीकत वाचल्यापासून मला मात्र वाटू लागले आहे की, लढाईत सापडलेल्या माणसांचे जगणे-मरणे पुष्कळदा त्या कारकुनाच्या वहीवर अवलंबून असते.

मुल्लैतीवू हा श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा तमिळ वस्तीचा जिल्हा. भातशेती आणि मासेमारी हे तेथले मुख्य धंदे. १९७८ साली तो स्वतंत्र जिल्हा झाला. तेथल्या जिल्हा कार्यालयाला लोक ‘कच्चेरी’ म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचाच. १९९६ मध्ये तेथला लष्करी तळ लिट्टेच्या, म्हणजे तमिळ वाघांच्या, हाती पडला. पुढची बारा वर्षे सत्ता वाघांची. पण नवल असे की, कच्चेरी चालूच राहिली. मास्तर, डॉक्टर आणि कचेरीतले अधिकारी यांचा पगार कोलंबोहून येई. शिधाही तिकडूनच येई, आणि तो किती यावा हे माणसांच्या मोजदादीवरून ठरे. १९८१ नंतर जिल्ह्यात जनगणना झाली ती एकदम २०१२ साली. तेव्हा मधल्या काळात या माणसांची नोंद कुठे असलीच तर ती कचेरीच्या दप्तरात!

२००८ च्या सप्टेंबरात सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आणि इतर मदतसंस्थांच्या माणसांना वन्नी प्रदेश, म्हणजे किलिनोच्ची-मुल्लैतीवूचा टापू, सोडायला लावला. सैन्य पुढे सरकू लागले तसतशी बिऱ्हाडे समुद्राच्या दिशेने रेटली गेली. २००९ च्या आरंभी सरकार सांगत होते, आत सत्तर हजारांच्या आसपास माणसे आहेत. कचेरीचे अधिकारी त्याच भडिमारात बसून कळवीत होते, तीन लाखांहून अधिक आहेत. मे महिन्यात मुल्लिवाय्क्काल येथे युद्ध संपले, तेव्हा जिवंत बाहेर पडून छावण्यांत आलेल्यांचीच संख्या पावणेतीन लाखांच्या वर भरली.

ही नजरचूक होती काय? संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांनी नेमलेल्या तज्ज्ञसमितीने २०११ च्या अहवालात म्हटले की, मदत कमी जावी म्हणून सरकारने आकडा हेतुपुरस्सर कमी सांगितला. मला ही गोष्ट तोफगोळ्यांइतकीच भयंकर वाटते. तोफ डागणाऱ्याला निदान धूर दिसतो. शिध्याच्या मागणीपत्रावर काट मारणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि संध्याकाळी तो वेळेवर घरी जातो.

वाघांना मोकळे सोडावे असे माझे म्हणणे नाही. पळू पाहणाऱ्या आपल्याच लोकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या, कोवळी पोरे लढाईत ओढली, माणसांची ढाल केली. पण शिध्याचा हिशेब वाघांकडे नव्हता.

मन्नारचे बिशप रायप्पू जोसेफ यांनी २०११ साली सरकारी आयोगापुढे शाळकरी पोरालाही समजेल अशी वजाबाकी मांडली. ऑक्टोबर २००८ मध्ये कचेरीच्या नोंदीप्रमाणे वन्नीत माणसे ४,२९,०५९; जुलै २००९ पर्यंत सरकारी हद्दीत आली २,८२,३८०. बाकी उरतात १,४६,६७९. त्यांचे काय झाले, असा त्यांचा प्रश्न होता. कचेरीचा आकडा फुगलेला असू शकेल. काही माणसे नोंद न होताच निसटली असतील. तज्ज्ञसमितीच्या मते मृतांची संख्या ४०,००० पर्यंत असू शकते, म्हणजे तिचाही अंदाज या बाकीपेक्षा पुष्कळ कमी. मान्य. पण आकडा सरकारच्याच कार्यालयाचा आहे. तो चुकला असेल तर कोणत्या गावात, कोणत्या पानावर चुकला, हे दप्तर उघडून दाखवायला अडचण कसली? बिशप २०२१ साली वारले. हिशेब मिळाला नाही.

मेनिक फार्म ही सर्वांत मोठी छावणी २०१२ च्या सप्टेंबरात बंद झाली. शेवटी निघालेल्यांत केप्पापिलवू गावची कुटुंबे होती. त्यांच्या जमिनीवर लष्कराचा तळ, म्हणून त्यांना दुसरीकडेच नेऊन सोडले. छावणी रिकामी झाल्याची नोंद मात्र झाली.

२०१७ च्या मार्चमध्ये बेपत्ता माणसांच्या आया आणि बायका मुलांचे, नवऱ्यांचे फोटो हातात घेऊन मुल्लैतीवूत धरणे धरून बसल्या. जागा त्यांनी निवडली ती जिल्हा कचेरीसमोरची.