त्यांना त्रास कशाला?

मुंबईला सहकुटुंब दोन दिवस जाऊन यावे, असा ठराव आमच्या घरात गणपतीनंतर एका रात्री पिठले-भाकरी खाता खाता एकमताने मंजूर झाला. ठराव मंजूर होणे सोपे असते. भांडणे होतात ती कार्यक्रमपत्रिकेवरून. पण आमचे चिरंजीव हिशेबाला पक्के. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले, हे त्यांना पाठ. त्या दिवशी सकाळी आठाच्या ठोक्याला मोबाईल घेऊन ते बसले आणि सांगलीहून शुक्रवार रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस जायला, रविवार रात्रीची यायला, अशी सहा माणसांची तिकिटे पाच मिनिटांत पदरात पाडून उठले. माझ्या वडिलांना मुंबईस जाण्यासाठी जेवढा वेळ नुसता विचार करण्यास लागे, तेवढ्यात हे काम झाले. मी मनापासून शाबासकी दिली.

ती शाबासकी चार दिवसांनी मला परत घ्यावी लागली. चार दिवसांनी त्यांनी तो प्रसिद्ध तक्ता वाचून दाखविला.

वाचकहो, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हाच तक्ता असणार, म्हणून तो थोडक्यात सांगतो. शनिवार सकाळ गेटवे, तेथून लाँचने घारापुरी, परत आल्यावर वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. रविवारी राणीच्या बागेतले पेंग्विन, मग सिद्धिविनायक, मग लोअर परळच्या मॉलमध्ये तीन तास, चौपाटीवर भेळ आणि गाडी. प्रत्येकापुढे मिनिटे लिहिलेली. घारापुरीची लेणी सोमवारी बंद आणि राणीची बाग बुधवारी बंद, याचीही चौकशी झालेली. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, म्हणून त्या दिवशी टॅक्सी आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली ती भुयारी मेट्रो. चूक काढायला जागा नाही. आणि नेमका याच निर्दोषपणाचा मला राग आला.

पहिली तक्रार लहान आहे. ती सांगून मोकळा होतो. ज्या स्टेशनात आम्ही सकाळी उतरणार, ती १८८८ साली पुरी झालेली इमारत २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाहेरचा माणूस ती पाहायला सातासमुद्रांपलीकडून येतो. आमच्या तक्त्यात तिच्यापुढे ‘टॅक्सी पकडणे, १० मि.’ असे लिहिले आहे! घारापुरीला एक तास लाँच, शंभरावर पायऱ्या, आणि मग त्या १८ फुटी सदाशिवापुढे वीस मिनिटे. ज्या कारागिरांनी तो डोंगर पोखरला त्यांचे आयुष्य त्यात गेले असेल. आपण त्याला वीस मिनिटे देतो आणि त्यातली दहा फोटोला. बरे, हे तरी सोडून देऊ. पोरे दमतात, सूनबाईंना रजा नसते, हे मला कळते.

माझे खरे भांडण तक्त्यात जे नाही त्याबद्दल आहे. तक्त्यात माझी आत्या नाही.

“आत्याआजींचे काय?” मी विचारले. “बाबा, त्यांना कशाला त्रास द्यायचा?” चिरंजीव म्हणाले. सूनबाईंनी मान हलविली. आणि खरे सांगायचे तर, माझी सौभाग्यवतीही काही बोलली नाही.

त्रास कशाला! गेल्या वीसपंचवीस वर्षांत मराठी घरांतून जितके दरवाजे या दोन शब्दांनी बंद केले, तितके भाऊबंदकीने केले नसतील. भाऊबंदकीत निदान शिव्यागाळी होते, कोर्टात तारखेला तोंड तरी दिसते. इथे सारे कसे सभ्य! आपल्याला जायचे नसते, एका वाकड्यातिकड्या जिन्याने वर चढायचे नसते, म्हाताऱ्या माणसाच्या त्याच त्या गोष्टी ऐकायच्या नसतात. आणि हा सारा आळस आपण समोरच्याच्या सोयीच्या नावावर खपवितो. ज्याला त्रास होणार म्हणतो, त्याला विचारले कुणी? आम्ही विचारले नव्हते.

आत्या ८६ वर्षांची आहे. ती ना. म. जोशी मार्गावरच्या, जुन्या लोकांच्या तोंडी डिलाईल रोडच्या, बी. डी. डी. चाळीत राहते. माझे आजोबा दुष्काळी गावातून पायांत वहाण नसताना मुंबईला आले, गिरणीत साच्यावर लागले, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या वाट्याला ती १६० चौरस फुटांची खोली आली. १९२० नंतर सरकारने शहरात अशा २०७ चाळी बांधल्या: वरळी, नायगाव, शिवडी आणि ही. एकेका चाळीत ८० खोल्या, मधून अंधारी पॅसेज, टोकाला सर्वांचे संडास. आत्या त्याच खोलीत वाढली, तिथेच तिचा संसार झाला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिच्या यजमानांची नोकरी त्यात गेली ती गेलीच. त्यानंतर तिने पहाटे चारला उठून चाळीस माणसांचे डबे केले. गावाकडे आमच्या घरी मात्र दर दिवाळीला तिचे पार्सल आले: कापडाचे तुकडे, बिस्किटांचा डबा, आणि माझ्यासाठी एक पेन. माझी मॅट्रिक त्या पेनांवर झाली होती, आणि पुढे माझ्या मुलांचीही अक्षरे त्यांवरच वळली.

आता ज्या मॉलमध्ये आम्ही तीन तास घालविणार, तो एका जुन्या गिरणीच्या जागेवर उभा आहे. आत्याची चाळ तेथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर आहे. पणजोबांनी ज्या गिरणगावात हयात घालवली, तिथे पणतू सरकत्या जिन्यावरून वरखाली करणार आणि पणजोबांच्या खोलीला ‘त्रास’ म्हणून वळसा घालणार! मुंबई पाहायला निघालेल्या कुटुंबाला यापरती मुंबई आणखी कुठली दाखवायची?

आता दुसरी बाजू. ती न सांगता पुढे जाणे लबाडी होईल. १९७८ साली लग्नानंतर आम्ही दोघे मुंबई पाहायला गेलो आणि आत्याकडे आठ दिवस राहिलो. त्या खोलीत तेव्हा आधीच सात माणसे होती. आम्हाला पडदा लावून कोपरा मिळाला. यजमान आणि मुले पॅसेजमध्ये झोपली. आत्या कुठे झोपली, हे मला आजही माहीत नाही. मी विचारले नाही. आम्ही रोज सकाळी तिचा डबा घेऊन फिरायला जात होतो आणि रात्री गरम जेवायला परत येत होतो. मुंबईच्या पाहुणचाराचे जे गोडवे आपण गातो, ते बहुतेक अशाच बायकांच्या झोपेवर उभे आहेत. तेव्हा आत्याकडे सहा माणसांनी बिऱ्हाड ठोकावे, असे मी मुळीच म्हणत नाही. हॉटेलात उतरणे उत्तम. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, आपण गेलो की त्या या वयात स्वयंपाकाला उभ्या राहणार.” तेही खरे, आणि या एका वाक्यापुढे माझा आवाज थोडा उतरला. पण यातून निघते काय? जेवून जावे, हे निघते. जाताना काही शिजवलेले न्यावे, हे निघते. जाऊच नये, हे कसे निघते?

आणि ही गोष्ट पुढच्या वर्षावर ढकलता येणारी नाही. या चाळींचा पुनर्विकास टप्प्याटप्प्याने चालू आहे. वरळीला ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांची घरे मिळालीसुद्धा. फार चांगले झाले. शंभर वर्षे सार्वजनिक संडासापुढे रांग लावणाऱ्यांना स्वतःचे न्हाणीघर मिळत असेल, तर जुन्या चाळीसाठी उसासे टाकणाऱ्या लेखकांनी आधी तिथे महिनाभर राहून दाखवावे. मी त्यांतला नव्हे. आत्यालाही लिफ्टचे घर हवेच आहे. तिचे गुडघे गेलेत. पण तिची पाळी येईल तेव्हा ती खोली पडेल. मग माझी नात मला विचारील की पणजोबा कुठे राहत होते, आणि मी तिला मोबाईलवरच्या नकाशात एक ठिपका दाखवीन. पेंग्विन पुढच्या वर्षीही असतील. आत्या ८६ वर्षांची आहे.

हे सारे मी तावातावाने बोललो. चिरंजीव ऐकत होते. मग हळूच म्हणाले, “बाबा, तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?”

अकरा वर्षांपूर्वी. आत्याचे यजमान गेले तेव्हा, तेही तेराव्याला, सकाळी जाऊन रात्री परत. त्यानंतर मी मुंबईला तीनदा गेलो. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे, दोनदा लग्नांना. दर वेळी मला वाटले, कशाला त्रास द्यायचा. तेव्हा या लेखात ज्यांना मी झोडपले, त्यांत पहिला नंबर कुणाचा, हे वाचकांनी ओळखलेच असेल. मुलगा हे शब्द कुठे शिकला, हेही.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन लावला. नाव सांगायच्या आत तिने आवाज ओळखला. सहाजण येतो म्हटले, जेवून येतो म्हटले; जेवून येण्याचे तिने ऐकले नाहीसे केले. नातीने तोवर तक्त्यातल्या मॉलवर पेन्सिलीने काट मारली होती. धाकट्याने पेंग्विनवर हात ठेवून ते वाचविले. किती वाजता येऊ, असे मी आत्याला विचारले.

“रविवारी ना? मग दोनच्या आत या,” ती म्हणाली. “साडेचारला पाणी येतं. मग मला भरायला उठावं लागतं, बोलणं होत नाही.”