विभक्त पित्याचे वेळापत्रक



पती-पत्नींचे पटेनासे झाले आणि घर दुभंगले की आपल्या कोकणात पुढच्या गोष्टी बहुधा ठरल्यासारख्या घडतात. पत्नी मुलांना घेऊन माहेरी जाते. पती मुंबईस, आखातात किंवा बोटीवर आपल्या कामाला निघून जातो. दोन्हीकडची वडीलधारी माणसे एक-दोन बैठका घेतात. त्यांत दागिन्यांचा, भांड्यांचा, लग्नखर्चाचा हिशेब होतो आणि मूल कोणाकडे राहणार तेही ठरते. परंतु ज्याच्याकडे ते राहणार नाही, त्याची आणि मुलाची भेट केव्हा, कोठे आणि कशी व्हावी, हा प्रश्न बैठकीत बहुतेक वेळा निघतच नाही. पुढे शिमगा येतो, गणपती येतात, मुलाची इयत्ता बदलते आणि वडील व मूल यांच्यातील अंतर कोणी न ठरवताही वाढत जाते. आजचे हे सदर त्या वडिलांसाठी आहे. त्यांच्याभोवतीच्या आजी-आजोबांनी आणि काका-आत्यांनीही ते वाचावे.

अशा वडिलांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘थोडे दिवस जाऊ देत, मोठा झाला की येईल आपणहून.’ या वाक्यात स्वाभिमान असतो, दुखावलेपण असते आणि सासरच्या दारात पुन्हा उभे न राहण्याचा निश्चयही असतो. हे सारे समजण्याजोगे आहे. परंतु मुलाचा काळ मोठ्यांच्या मापाने मोजता येत नाही. चार वर्षांच्या मुलाला सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा आठवा हिस्सा. चाळीस वर्षांच्या माणसाच्या आयुष्यात तो हिस्सा पाच वर्षांचा भरेल. एवढ्या अवधीत लहान मूल वडिलांच्या आवाजावाचून झोपायला, त्यांच्या खांद्यावाचून जत्रा पाहायला शिकते. नंतर वडील भेटायला आले की ते आजीच्या पदराआड लपते. वडिलांना वाटते, ‘याचे कान भरले आहेत.’ कधी तसे असतेही; परंतु पुष्कळदा केवळ सवय तुटलेली असते, आणि तुटलेली सवय पुन्हा जोडण्यास धीर लागतो.

म्हणून या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच : वाट पाहू नका. लहानशी का होईना, पण नियमित आणि लिहून ठेवलेली जागा मुलाच्या आठवड्यात लवकरात लवकर मिळवा. न्यायालयेसुद्धा मूल जेथे रुळले असेल तेथील घडी सहसा मोडत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत जी रीत पडते, तीच पुढे पक्की होत जाते.

शरीर आधी बोलते

आईवडील वेगळे झाल्याचे दुःख लहान मुले शब्दांत क्वचितच सांगतात. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, शाळेच्या वेळी पोट दुखते, नखे कुरतडली जातात, अभ्यासातील लक्ष उडते. कुमारवयीन मुले गप्प होतात किंवा उलट उत्तरे देऊ लागतात. मूल ज्या घरी राहते, त्याच घराचा हा दोष आहे असे समजू नये. दोन्ही घरांनी मिळून पाहण्याची ही लक्षणे आहेत. ती टिकून राहिली तर बालरोगतज्ज्ञांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्यावा.

वडिलांचे काय होते, हे तर कोणी विचारीतही नाही. झोप जाते, जेवणाची वेळ राहत नाही, मुंबईच्या खोलीवर एकटेपणी मद्याची सवय वाढते. पुरुषाने रडायचे नसते या समजुतीमुळे दुःखाचा राग होतो आणि तो राग नेमका मुलाच्या आईशी होणाऱ्या फोनवर बाहेर पडतो. अशा वेळी मदत मागणे हे मुलाच्याही हिताचे असते. ‘टेलिमानस’ ही शासनाची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. ठाणे, पुणे आणि नागपूर यांच्याप्रमाणे रत्नागिरीतही शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाला बिचकून बाहेरच राहू नये; झोप उडालेला आणि खचलेला माणूसही तेथे तपासणीसाठी जाऊ शकतो.

कायदा कोणाच्या बाजूचा?

‘कायदा आईच्याच बाजूचा आहे, मग धडपड कशाला?’ असे अनेक वडील म्हणतात. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियमानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते, हे खरे. परंतु त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमाने मुलाचे कल्याण ही सर्वांवरची कसोटी ठरवली आहे. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू होतो, त्यामुळे आपल्याकडील मुस्लिम कुटुंबांनाही तोच मार्ग खुला आहे. मूल जेथे नेहमी राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि मूल पुरेसे जाणते असेल तर त्याचे मतही विचारात घेतले जाते. मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब खटल्यात बजावले.

कामासाठी दूर राहणाऱ्या वडिलांनी यशिता साहू खटल्याचा २०२० चा निकाल विशेष लक्षात ठेवावा. मुलाला दोन्ही पालकांच्या सहवासाची आणि मायेची गरज असते, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. प्रत्यक्ष भेटीच्या जोडीला ‘संपर्काचा हक्क’ न्यायालयाने महत्त्वाचा मानला आणि ज्याच्याकडे मूल नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे सांगितले. रोजची ही पाच-दहा मिनिटे थोडी वाटतील. पण वर्षातून एकदा भेटून महागडी सायकल देण्याने जे साधत नाही, ते त्यांनी साधते.

गावकी आणि मध्यस्थी

कोकणाला मध्यस्थी नवी नाही. गावकी, वाडीची बैठक, जमातीची मंडळी यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरांचे तंटे मिटवले आहेत. परंतु गावकी निर्णय देते आणि तो पाळायला लावते. त्यात कोणाचा तरी मान राहतो, कोणाचा तरी जातो. निर्णय न मानणाऱ्यास वाळीत टाकण्याचे प्रकारही घडत आले, म्हणून २०१६ मध्ये महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थीची रीत वेगळी आहे. येथे मध्यस्थ निकाल देत नाही आणि चूक कोणाची हेही ठरवत नाही. तो दोघांना एकत्र बसवतो, लागल्यास प्रत्येकाशी स्वतंत्र बोलतो आणि तोडगा दोघांच्याच तोंडून काढून घेतो. तेथील बोलणे गोपनीय असते. समेट झाला तर त्याचा लेखी मसुदा आणि न झाला तर ‘समेट झाला नाही’ एवढाच अहवाल न्यायालयाकडे जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम खटल्यात २०१० मध्ये स्पष्ट केले. म्हणून मध्यस्थीत ‘मी त्या रात्री चुकलो’ असे म्हणणाऱ्याचे शब्द पुढे खटल्यात त्याच्यावर उलटवता येत नाहीत. मध्यस्थीचा हेतू पुन्हा संसार जोडण्याचाच असतो, हा गैरसमजही सोडावा. संसार संपवूनही पालकत्व कसे चालू ठेवावे, हे ठरवण्यासाठी तेथे जाता येते.

आता हे रत्नागिरीत कोठे मिळते ते पाहू. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे चिपळूण, खेड, दापोली, राजापूर येथील न्यायालयांत, तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. खटला चालू असेल तर तो मध्यस्थीकडे पाठवावा अशी विनंती न्यायाधीशांना करता येते. २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक वादांत मध्यस्थीला आरंभीच वाव द्यावा, असा आग्रह धरला होता. खटला दाखल झालेला नसला तरी दाखलपूर्व प्रकरण म्हणून साधा अर्ज देता येतो. त्यावरून दुसऱ्या बाजूस बोलावणे जाते. येणे मात्र तिच्या इच्छेवर असते. महिलांना व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. पुरुषाला ते उत्पन्नमर्यादेत बसल्यास किंवा कायद्यातील अन्य निकषांवर मिळते. प्राथमिक माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

कागदावर काय लिहावे?

‘वडिलांना मुलास भेटता येईल’ एवढेच वाक्य लिहिलेला समझोता पुढच्याच महिन्यात भांडण उभे करतो. वार, वेळ, जागा, आणणारा आणि पोचवणारा, हे सारे त्यात यावे. शिवाय ते आपल्या मुलखाच्या पंचांगाशी जुळावे. मुंबईस राहणाऱ्याने ‘दर रविवारी’ असे लिहून घेऊ नये. रात्रभर प्रवास करून प्रत्येक रविवारी येणे त्याला झेपणार नाही आणि चुकलेली प्रत्येक भेट मुलाच्या मनात नोंदली जाईल. त्यापेक्षा महिन्यातून दोन दिवस ठरवून ते कसोशीने पाळावेत. मिरकरवाड्याच्या बंदरातून मासेमारीस जाणाऱ्याला पावसाळी बंदीचे दिवस मुलासाठी मोकळे असतात, तर आंबा बागायतदाराला मार्च ते मे डोके वर काढता येत नाही. त्यांची वेळापत्रके एकसारखी कशी असतील? गौरी-गणपती यंदा एका घरी तर पुढील वर्षी दुसऱ्या घरी, शिमग्याला पालखी दारी येईल त्या दिवशी मूल वडिलांच्या गावी, मे महिन्याची सुटी निम्मी-निम्मी, ईदचा एक दिवस इकडे आणि दुसरा तिकडे, अशा गोष्टी आधीच लिहिल्या म्हणजे सणाच्या दिवशी मुलाची ओढाताण होत नाही.

आखातातील वडिलांनी फोनची वेळही घड्याळ पाहून ठरवावी. रत्नागिरीत मुलाच्या झोपेपूर्वीचे रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा दुबईत साडेसात आणि कुवेतमध्ये साडेसहा वाजलेले असतात. कामाची पाळी सुटण्याआधीची वेळ लिहून घेतली तर फोन रोज चुकेल. जहाजावर नेटवर्क नसेल तर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा; आजी तो झोपताना ऐकवू शकते. शाळेचे प्रगतिपुस्तक, लसीकरणाची नोंद आणि आजारपणाची खबर दोघांनाही मिळावी, हेही कागदावर असावे.

लहानग्याची भेट सुरुवातीस थोड्या वेळाची आणि त्याच्या ओळखीच्या माणसासमवेत असावी. पहिल्या भेटी भाट्याच्या किनाऱ्यावर, मांडवीला किंवा नगर वाचनालयासारख्या शांत ठिकाणी व्हाव्यात, दोन कुटुंबांतील एखाद्या समंजस मावशीने किंवा आत्याने मुलाला आणावे-पोचवावे. भेटीत ‘आई काय म्हणते? घरी कोण येते?’ असे प्रश्न कटाक्षाने टाळावेत. मुलाच्या हाती निरोपही देऊ नयेत. जे मुलाच्या आईला सांगायचे आहे, ते तिलाच, थोडक्यात आणि आदराने लिहावे.

दोन गोष्टींची गल्लत नको

‘भेटू देत नाही, मग पैसे का पाठवू?’ हा विचार स्वाभाविक वाटतो, परंतु तो घातक आहे. पोटगी हा मुलाचा हक्क आहे. ती भेटीची फी नव्हे. थांबवलेल्या पैशाने मुलाची शाळेची वर्गणी आणि औषध अडते, आणि न्यायालयात वडिलांचीच बाजू दुबळी होते. त्याचप्रमाणे ‘पैसे थकले, म्हणून भेट बंद’ हेही मुलावर अन्याय करणारे आहे. एकीच्या अडचणीसाठी दुसरी अडवून न ठेवता दोन्हींची दाद स्वतंत्रपणे मागावी.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जेथे मारहाण, धमकी किंवा मुलाला इजा होण्याचे भय आहे, तेथे दोघांना समोरासमोर बसवण्याचा आग्रह कोणीही धरू नये. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यान्वये भेटीने मुलाचे अहित होणार असेल तर दंडाधिकारी ती नाकारू शकतात. स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतक्रमांक आहेत. ज्या वडिलांचा हात पूर्वी उठला आहे किंवा मद्य सुटत नाही, त्यांनी आधी उपचार घ्यावेत आणि भेटी तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली होण्यास स्वतःहून मान्यता द्यावी. विश्वास गमावलेल्याला तो परत मिळवण्याचा हाच मार्ग आहे.

समझोता एकदा झाला म्हणजे तो कायमचा, असेही नाही. पाचव्या वर्षी ठरवलेले वेळापत्रक दहाव्या वर्षी तोकडे पडते. मुलाच्या हितासाठी ते न्यायालयाकडून बदलून घेता येते. कुमारवयात तर मित्र, क्लास आणि खेळ यांतून मुलाला वेळ काढावा लागतो. तेव्हा त्यालाच विचारून वेळ ठरवावी आणि त्याने कधी नाही म्हटले तर त्याचा दोष त्याच्या आईला देऊ नये.

या पंधरवड्यात विभक्त वडिलांनी तीन कामे करावीत. मुलाची शाळा, सुट्या, सण आणि आपल्या कामाचे दिवस एका कागदावर मांडून आपल्याला निश्चित पाळता येतील एवढेच दिवस निवडावेत. तो कागद घेऊन विधी सेवा कार्यालयात मध्यस्थीची चौकशी करावी. आणि फोनची मुभा असेल तर आज रात्री ठरल्या वेळी फोन करून मुलाने डब्यात काय खाल्ले, एवढेच विचारावे. मूल एका शब्दात उत्तर देईल, कदाचित तेही देणार नाही. तरी उद्या त्याच वेळी पुन्हा फोन करावा.