सही साहेबांची, टोकन कोणाच्या खणात?

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव,
सार्वजनिक बांधकाम विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : विभागीय कार्यालयांतील निविदा शाखेवरील देखरेखीबाबत.

महोदय,



विषय घातला आहे, संदर्भ मात्र घातलेला नाही. या गोष्टीवर माझ्या हयातीत कोणी कोणाला पत्र लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे संदर्भ कुठून आणणार?

एक विनंती आहे. एखाद्या दिवशी आगाऊ न कळवता कुठल्याही विभागीय कार्यालयात जा. शिपायाने पाण्याचा ग्लास आणायच्या आत निविदा लिपिकाच्या टेबलापाशी उभे राहा आणि त्याला एवढेच विचारा, "कार्यकारी अभियंत्यांचं डिजिटल सहीचं टोकन कुठं आहे?" साहेबांकडे आहे, असे उत्तर आले तर हे पत्र तिथेच फाडून टाका. मी पाहिलेल्या बऱ्याच कार्यालयांत लिपिक निमूटपणे खण उघडतो. स्टेपलर, शिक्के आणि शाईच्या पॅडच्या शेजारी पेन ड्राइव्हएवढे ते टोकन पडलेले असते. त्याला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला, त्यावर साहेबांचे पदनाम. पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर. त्याच खणात लेखा शाखेच्या अधिकाऱ्याचेही टोकन.

महाटेंडर या शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळाची रचना ज्यांनी केली त्यांनी विचारपूर्वक एक सोय ठेवली होती. आलेली निविदा एकट्या माणसाला उघडता येऊ नये. नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांपैकी किमान दोघांनी आपापले टोकन लावले, तरच लिफाफा उघडावा. तिजोरीला दोन कुलपे आणि दोन किल्ल्या दोघांकडे, तसेच हे. आपण दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ओवल्या आणि जुडगा टेबलावर ठेवून दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 42 नुसार आपल्या सहीची गुप्त किल्ली दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची असते. उद्या एखाद्या निविदेवरून चौकशी लागली तर संगणकातल्या नोंदी सांगतील की अमुक वाजता साहेबांनी लिफाफा उघडला. त्या वेळी साहेब पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात पुलाच्या कठड्यापाशी उभे असतील, आणि तसा फोटोही दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आलेला असेल.

मी याच खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. जुन्या काळाचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. तेव्हा निविदा लाखेचे सील लावलेल्या पाकिटातून यायच्या आणि पत्र्याच्या पेटीत पडायच्या. 'पडायच्या' म्हणायचे, पण पेटीपर्यंत पोहोचायला मिळाले तर. फाटकापाशी चार धटिंगण उभे राहायचे आणि बाहेरगावच्या ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवायचे. चहा नको असेल तर दुसरे काही. ऑनलाइन निविदांनी ते फाटक मोडले. हे मोठे काम झाले, आणि ते ज्यांनी केले त्यांचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण फाटक मोडल्यावर आता कार्यालयात बसून लक्ष ठेवायची गरज उरली नाही, असा एक सोयीचा समज खात्यात रुजला. सगळे ऑनलाइन आहे, मग बघायचे काय?

बघायचे बरेच असते. तांत्रिक लिफाफ्यातली कागदपत्रे पाहा. कामाची जागा पाहिल्याचा उपअभियंत्याचा दाखला जोडा, अशी अट निविदेत घातली की पुढचे काम आपोआप होते. नको असलेल्या माणसाला उपअभियंता मुदत संपेपर्यंत भेटतच नाही. कधी साइटवर, कधी मीटिंगला, कधी रजेवर. हॉट मिक्स प्लांट कामापासून किती किलोमीटरच्या आत हवा, हा आकडा कोणाच्या प्लांटपासून मोजून काढला, हेही तालुक्यातल्या पानटपरीवर ठाऊक असते. अट लिहिणारा शाखेतला कारकून असतो आणि ती मंजूर करणारा साहेब. मधल्या टिप्पणीवर "सादर" आणि "मान्य" यांच्यापलीकडे एक अक्षर नसते. अट का हवी, तिच्यामुळे कोण बाहेर पडेल, हे एका ओळीत लिही, असे साहेबाने कारकुनाला सांगितले तर निम्म्या अटी तिथेच गळून पडतील.

किंवा आलेल्या निविदा शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचे काम घ्या. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या 2014 सालच्या निविदांवर भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये निकाल दिला. कंपन्यांनी आपसात ठरवून, एकमेकांना आधार म्हणून नावापुरत्या निविदा भरल्या होत्या. आयोगाने त्यांना दंड ठोठावला. त्यांतले एक प्रकरण आयोगाकडे नेले होते पुण्याच्या 'नागरिक चेतना मंच' या संस्थेने. महापालिका आपल्या खात्यात येत नाही, हे मला माहीत आहे. पण आपल्या विभागीय कार्यालयांत याहून वेगळे काही होते का? तीन निविदा येतात, तिघांचे दर ठरवून लावल्यासारखे अंतराअंतराने, दोघांच्या शपथपत्रांत शुद्धलेखनाची तीच चूक. तुलनात्मक तक्ता करणारा माणूस फक्त आकडे उतरवतो. ते वाचायला त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि वाचून शंका काढली तर ऐकून घेणारा साहेब जाग्यावर नाही.

हा माणूस कोण, हेही सांगतो. निविदा लिपिकाचे पद मंजूर असते, पण भरलेले असतेच असे नाही. मग एजन्सीमार्फत घेतलेला संगणकचालक सूचना चढवतो, शुद्धिपत्रक काढतो, मुदतवाढ टाकतो, लिफाफा उघडतो. त्याचा पगार एजन्सीकडून, तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. त्याच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेकेदाराचा माणूस बसलेला, दुपारचा चहा त्याच्याकडून, प्रिंटरचा कागद संपला तर रीमही त्याच्याकडून. अशा पोरावर मला राग नाही. कार्यालयात सगळ्यात जास्त राबणारा बहुधा तोच असतो. कोट्यवधींच्या निविदांचा कारभार त्याच्या हाती देऊन वर बसलेली मंडळी निर्धास्त कशी राहतात, याचे मात्र नवल वाटते.

बँक गॅरंटीचे तसेच. अंदाजपत्रकापेक्षा बराच खालचा दर आला की जादा सुरक्षा अनामत घ्यायची असते. ती बँक गॅरंटीच्या रूपात आली, की पडताळणीचे पत्र बँकेला जाते ते ठेकेदाराच्याच माणसाच्या हाती, आणि बँकेचे उत्तरही तोच घेऊन येतो, बंद पाकिटात, गोल शिक्का मारून. हे उत्तर थेट बँकेच्या अधिकृत ई-मेलवरूनच आले पाहिजे, एवढा एक आदेश कार्यकारी अभियंत्याने स्थायी आदेशांच्या नस्तीत लावला तरी पुरे आहे. त्याला शासन निर्णयाची गरज नाही, निधीची नाही, समितीची नाही.

आता दफ्तर तपासणीकडे येतो. या पत्राचे खरे कारण तेच.

वर्षातून एकदा अधीक्षक अभियंत्यांनी विभागाचे दफ्तर तपासायचे, हा खात्याचा जुना रिवाज आहे. तरुणपणी मी या तपासणीची धास्ती पाहिली आहे. आठ दिवस आधी कार्यालय गजबजायचे. सहा गठ्ठे पद्धतीने कागद लावले जायचे, वर्षानुवर्षे कपाटावर पडलेल्या नस्त्या खाली यायच्या, आवक-जावक नोंदवह्यांच्या बेरजा जुळवल्या जायच्या. आमचे एक अधीक्षक अभियंता आल्या आल्या मोजमाप पुस्तिकांची नोंदवही मागवायचे. कुठली एमबी कोणाच्या नावे, किती तारखेला दिली, परत केव्हा आली, हे बोट ठेवून वाचायचे. मग मधलाच एखादा अनुक्रमांक काढून म्हणायचे, "ही आणा." पाच मिनिटांत एमबी पुढे आली तर विभाग ठीक. ती "शाखा अभियंत्यांकडे साइटवर आहे" असे उत्तर आले, की साहेब खुर्ची मागे सारून उठायचे: "चला मग, साइटवरच जाऊ." सगळ्या विभागाला त्या एका वाक्याची जरब होती. त्यांनी कोणाला निलंबित केल्याचे मला आठवत नाही.

आज दफ्तर तपासणी कागदावर होते. प्रश्नावली येते, विभाग ती स्वतःच भरतो, स्वतःच "होय" लिहितो आणि मंडळ कार्यालय पोच देते. महालेखापालांचे पथक येते तेवढीच काय ती बाहेरची नजर. त्यांच्या हाफ मार्जिनवरच्या आक्षेपांना उत्तरे लिहिण्यात कार्यालयाचे आठ-दहा दिवस जातात आणि पथक गेले की सगळे पूर्ववत. लेखापरीक्षण होते ते काम उरकल्यावर, पैसे देऊन झाल्यावर. ते देखरेखीची जागा कशी घेणार?

अधीक्षक अभियंता तरी काय करील, असे आपण विचाराल. त्याच्याकडे शेजारच्या मंडळाचा अतिरिक्त कार्यभार, कार्यकारी अभियंत्याकडे दुसऱ्या विभागाचा, उपअभियंत्याकडे दोन उपविभाग. सोमवारी व्हीसी, मंगळवारी आढावा, बुधवारी मंत्रालय. बदल्यांचा 2005 चा अधिनियम तीन वर्षांचा कार्यकाळ सांगतो. मुदतीआधी हलवायचे तर कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असेही सांगतो. प्रत्यक्षात कारण म्हणून "प्रशासकीय निकड" एवढे दोन शब्द पुरतात. दोन पावसाळेही न पाहिलेला अधिकारी कुठल्या ठेकेदाराचे डांबर कुठे उखडले हे ओळखणार तरी कसे? त्याच अधिनियमात कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडू नये, असेही आहे. हा भाग वाचलेला माणूस शोधून सापडणार नाही.

आणि हाताखालची माणसे राखायची असतात, हे तर आपण विसरलोच. शाखा अभियंत्याने लिहिले की खडीचा थर जाडीला कमी भरला, बिल देऊ नये. संध्याकाळपर्यंत त्याला तीन फोन येतात. चौथा साहेबांना येतो. साहेबांनी त्या टिप्पणीखाली "सहमत" लिहून सही केली तर पुढच्या वेळी तो पुन्हा खरे लिहील. "चर्चा करावी" असे लिहून नस्ती परत पाठवली, तर तो आयुष्यात पुन्हा तसे काही लिहिणार नाही. विभागातली बाकीची माणसेही ती नस्ती वाचतात. कार्यालयात असल्या बातम्या जावक क्रमांक पडायची वाट पाहत नाहीत. मी दोन्ही तऱ्हेचे साहेब पाहिले. पहिल्या तऱ्हेच्या साहेबाची बदली लवकर होते, हे खरे आहे आणि ते आपल्या हातात आहे.

ठेकेदारांची बाजूही आहे. बिले थकली म्हणून राज्यभरच्या ठेकेदारांना आंदोलने करावी लागली, हे आपल्यापासून लपलेले नाही. निधी नसताना कामे मंजूर होतात, कार्यारंभ आदेश निघतात आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणाचे बिल आधी जाणार, हे लेखा शाखेतल्या टेबलावर ठरते. तो क्रम बिल दाखल झाल्याच्या तारखेप्रमाणे लावून कार्यालयाच्या फलकावर चिकटवा. काही जणांची दुकाने त्याच दिवशी बंद होतील.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. डिजिटल टोकन ज्याचे त्यानेच बाळगावे, दुसऱ्याच्या ताब्यात सापडले तर दोघांवर जबाबदारी ठरवावी, आणि लिफाफा उघडताना दोघे अधिकारी समोर होते याची नोंद त्याच वेळी सहीने घ्यावी. निविदा शाखेत कायम सेवेतलाच माणूस नेमावा, आणि ठरावीक काळाने त्याचे टेबल बदलावे. एका कार्यकारी अभियंत्याकडे एकच विभाग असावा. आणि दफ्तर तपासणी पुन्हा सुरू करावी: पावसाळ्यात, डांबरीकरण बंद असते तेव्हा, अधीक्षक अभियंत्याने विभागात मुक्काम करून, प्रश्नावली बाजूला ठेवून. तपासणीचा अहवाल आणि विभागाने केलेली पूर्तता दोन्ही खात्याच्या संकेतस्थळावर टाकावीत.

या शेवटच्या गोष्टीला खात्यातून विरोध होईल. त्याने कार्यालयाची बदनामी होते, असे आपल्याला सांगितले जाईल. सांगणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मंडळातल्या शेवटच्या प्रत्यक्ष दफ्तर तपासणीची तारीख विचारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त कार्यकारी अभियंता