ना फार दूर, ना फार जवळ

शहरात स्थिरावलेले माजी विद्यार्थी आम्हांला आस्थेने विचारतात, “गुरुजी, तुम्ही अजून माकणीतच का?” प्रश्न रास्त आहे. खेडे म्हटले की इतरांना पिंपळाचा पार आठवतो. आमच्या समाजाला गावकुसाबाहेरची वस्ती आणि वेगळा पाणवठा आठवतो. दि. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांचा गौरव नाकारला आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. १९७८ साली नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्यामुळे शहराची वाट धरलेल्या पिढीला आम्ही कधीही दोष देणार नाही.

मात्र बाबासाहेबांचा विरोध माती, पाणी, झाडे यांना नव्हता. जन्मावरून माणसाची जागा ठरविणाऱ्या व्यवस्थेला होता. १९५० साली स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयासाठी त्यांनी औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराजवळचा माळ निवडला. तथागतांच्या निवासासाठी वेळुवन देताना बिंबिसार राजानेही हाच विचार केल्याचे विनयपिटक सांगते: स्थान गावापासून फार दूर नसावे, फार जवळ नसावे, लोकांना येता यावे, रात्री शांतता असावी. निवासी शाळेला याहून चांगली कसोटी कोणती?

निम्न तेरणा जलाशयाकाठच्या या परिसरात मुलांना अभ्यासाला निवांतपणा आणि खेळायला मोकळे मैदान मिळते. शहरात यांपैकी बरेच विकत घ्यावे लागते आणि भाड्याची खोली मागताना आडनाव तिथेही विचारले जाते.

तरीही एक अट विसरता येत नाही. ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतातील मजुरीवर पेटते, त्याला गावात मान ताठ ठेवणे कठीण जाते. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणूनच आम्हांला महत्त्वाचा वाटतो. जमिनीची ती मागणी गावातच सन्मानाने जगण्याची मागणी होती. आम्ही येथे सुखाने राहतो, कारण हाताशी शिक्षण आणि हक्काचे वेतन आहे. वस्तीतील प्रत्येक कुटुंबाला असा आधार लाभेपर्यंत आमची आवड ही केवळ आमची सवलत ठरेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच: परत या असा आग्रह नाही. परंतु येथे राहणे किंवा जाणे, दोन्ही आपल्या मुलांना स्वेच्छेने निवडता यावे, यासाठी या शाळेशी नाते जोडलेले ठेवा.